पाटावरची पाच पेडलं

नळाला एक दिवसाआड पाणी, तेही जेमतेम पाऊण तास. त्यामुळे त्या सकाळी सुमंगलाबाईंचं अर्धं लक्ष मागच्या टाकीत पडणाऱ्या धारेकडे होतं आणि अर्धं गॅसवरच्या पोह्यांकडे. टाकी भरत आली की धारेचा आवाज बदलतो, तो त्यांना तीन खोल्यांपलीकडून कळायचा. त्यांचे यजमान, चिंतामणी माटसाब, ओट्याशेजारच्या स्टुलावर पेपर पसरून बसले होते. शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी देवासची ती गल्ली त्यांना माटसाबच म्हणायची.

"जीरावण संपलंय," सुमंगलाबाई म्हणाल्या.

"मग पोह्यांवर काय घालायचं?"

"त्या पेपरातली एखादी बातमी घाला. चटपटीत असेल."

माटसाबांनी पान उलटलं तेवढ्यात मागचं दार वाजलं. खालच्या अंगाला, पायाने मारल्यासारखं, तीनदा. सुमंगलाबाईंना नवल वाटलं. मागच्या दाराने येणारी एकच, वरच्या खोलीत भाड्याने राहणारी वैभवी, आणि ती दार कधी वाजवायची नाही. जिन्यावरूनच "काकू, चहा आहे का" म्हणत यायची. त्यांनी गॅस बारीक केला आणि कडी काढली.

वैभवीच होती. दोन्ही हातांत एक लाकडी पाट धरलेला, जेवायच्या पाटाच्या दुप्पट लांब, आणि त्यावर वायरींच्या गुंत्यात लोखंडी डब्या एकमेकींवर कलंडलेल्या. एक डबी वायरीला लटकून पाटाखाली झोके घेत होती. पोरीचे डोळे सुजले होते.

"काकू, तुमच्याकडे एकदम पक्का गोंद आहे का?"

"आधी आत ये. पाट टेबलावर ठेव. पोहे खाल्लेस का?"

"भूक नाहीये."

"भुकेचं नाही विचारलं. खाल्लेस का ते विचारलं."

वैभवी सत्तावीस वर्षांची. मूळची धारची. आठवडाभर एका शाळेत संगीत शिकवायची आणि शनिवार-रविवारी बँडमध्ये गिटार वाजवायची. लग्नांचे संगीत, गरबे, व्यापाऱ्यांची संमेलनं, जिथे बोलावणं येईल तिथे. त्या डब्यांना ती पेडल म्हणे. गिटारची वायर एकेका पेडलातून पुढे जाते आणि पायाने दाबलं की सूर बदलतो: एकाने खरखरीत होतो, एकाने विहिरीत बोलल्यासारखा घुमतो, एकाने मागून परत परत येतो. दोन वर्षांत हे सगळं सुमंगलाबाईंना वरच्या खोलीतून ऐकून पाठ झालं होतं. माटसाबांना तर कुठलं पेडल दाबलंय हे खालून ओळखता यायचं, असा त्यांचा दावा होता.

पोहे पुढे आल्यावर वैभवीने मुकाट्याने खाल्ले आणि मग सांगायला लागली.

परवा बदनावरला कार्यक्रम होता. मंडीतल्या व्यापाऱ्यांचा, हजारभर माणूस. जाताना व्हॅनमध्ये रस्त्याच्या हादऱ्यांनी पेडलं सरकली होती, ती तिने दाबून परत बसवली. तिसऱ्या गाण्यात घुमवणारं पेडल पायाने दाबलं तर ते पायाखालून निसटून पुढे गेलं, शेजारच्याला घेऊन गेलं, वायर उपसली गेली आणि गिटार मुकी झाली. गाणारी गात राहिली, ड्रमवाला अंबरीश वाजवत राहिला, आणि वैभवी स्टेजवर गुडघ्यांवर बसून वायरी शोधत होती.

"पुढच्या रांगेतले एक काका म्हणाले, बेटा, कुछ गिर गया क्या? सगळे हसले."

"बरं, मग?"

"मग अंबरीशने प्लास्टिकच्या टाय बांधल्या, बिजलीवाले बांधतात ना, त्या. तर एक टाय बरोबर स्विचवरून गेली. दाबलं तरी दबेना. काकू, इतकी फजिती कधी झाली नव्हती."

"फजितीला कोण मरतं," माटसाब म्हणाले. "मी एकदा पूर्ण तास दुसऱ्याच वर्गाला शिकवून आलो होतो."

वैभवी हसली नाही. "उद्या धारला कोजागिरीचा कार्यक्रम आहे, माटसाब. भैयासाहेब येणार आहेत."

माटसाबांनी पेपर खाली ठेवला.

भैयासाहेब म्हणजे वैभवीचे वडील. घरातली सगळी, लेकसुद्धा, त्यांना भैयासाहेबच म्हणायची. घराणं धारच्या दरबाराशी जोडलेलं. आता दरबार नाही, पण बँकेतून निवृत्त झालेल्या भैयासाहेबांचं बसणं-उठणं अजून तसंच होतं. मुलगी गिटार शिकते याला त्यांची हरकत नव्हती. मुलगी मांडवात गिटार वाजवते याला होती. "आपल्या घरच्या मुलीने लोकांच्या वरातीत वाजवायचं?" एवढं एकच वाक्य ते बोलले होते, आणि त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं तिच्या वाजवण्याविषयी काहीच बोलले नव्हते. फोनवर तब्येत विचारायचे, शाळा विचारायचे, फोन आईकडे द्यायचे. एकदाही त्यांनी तिला ऐकलं नव्हतं. उद्या पहिल्यांदाच.

"त्यांच्यासमोर हे परत झालं," वैभवी म्हणाली, "तर दुसऱ्यांदा या म्हणायची माझी हिंमत नाही. आणि ते म्हणतील, बघितलं, हेच करतेस का तू? म्हणणार पण नाहीत. नुसते उठून जातील."

सुमंगलाबाईंनी हात पुसले, चष्मा लावला आणि पाट स्वतःकडे ओढला.

इथे सुमंगलाबाईंविषयी थोडं सांगायला हवं, कारण गल्लीत त्यांना पापड-लोणच्यांसाठी ओळखणारे पुष्कळ होते, पण त्यांनी सत्तावीस वर्षं काय काम केलं हे थोड्यांनाच ठाऊक होतं. बी.एस्सी. झाल्यावर, लग्नानंतर वर्षभरात, त्या देवासच्या कातड्याच्या कारखान्यात लागल्या. बुटांचे वरचे भाग जिथे चिकटवले आणि शिवले जायचे त्या खात्यात. आधी टेबलावर, मग लाइनच्या तपासनीस म्हणून. दिवसाला आठशे जोड त्यांच्या बोटांखालून जायचे. कुठला जोड टिकेल आणि कुठला महिन्याभरात तोंड उघडेल हे त्या अंगठ्याने दाबून सांगत. गोंदाने त्यांच्या अंगठ्याची कातडी कायमची खरखरीत झाली होती, आणि अजूनही भाकरी थापताना ती पिठात उमटे.

त्यांनी लोंबकळणारं पेडल हातात घेतलं आणि उलटं केलं. तळाच्या पत्र्यावर वेल्क्रोची पट्टी अर्धवट सुटून लोंबत होती, काट्यांची. पाटावर मऊ बाजूची पट्टी ताणून लावलेली. त्यांनी सुटलेली पट्टी पूर्ण ओढली. ती आवाजही न करता निघाली.

"गोंद नवा आहे काकू. चांगल्यातला घेतलाय. दसऱ्याच्या संध्याकाळीच लावला. जुना सगळा खरवडून, रबर काढून."

"गोंदाला नावं ठेवतंय कोण? हे बघ." त्यांनी पट्टीची मागची बाजू उजेडात धरली. "गोंद सगळा पट्टीलाच राहिलाय. पत्र्यावर टिपूससुद्धा नाही. गोंद वाईट असता तर अर्धा इथे, अर्धा तिथे, असा फाटला असता. याने पत्र्याला धरलंच नाहीये."

त्या उठल्या, पेल्यात बोट बुडवून पत्र्यावर एक थेंब टाकला. थेंब गोल राहिला आणि अळूच्या पानावरून घरंगळावा तसा कडेने खाली आला. दुसऱ्या पेडलावर टाकला, तेच. तिसऱ्यावर, चौथ्यावर तेच. पाचवं, सूर जुळवायचं छोटं पेडल, पाटावर अजून घट्ट बसलेलं होतं. ते दोन्ही हातांनी ओढून काढावं लागलं, चर्र आवाज करत. त्याच्या उघड्या पत्र्यावर थेंब पसरला.

सुमंगलाबाईंनी पहिलं पेडल नाकाजवळ नेलं. मग हळूच खाली ठेवलं.

"कापूर," त्या म्हणाल्या. "खोबरेल तेल आणि कापूर. वैभवी, ही कुठे ठेवली होतीस?"

वैभवीनेही पेडल हुंगून पाहिलं. "खंडेनवमीला. पूजेत."

आणि मग ते सगळं बाहेर आलं, आणि सांगताना पोरीचा चेहरा पहिल्यांदा उजळला. दरवर्षी धारच्या घरी खंडेनवमीला चार तलवारी आणि एक कट्यार चौरंगावर मांडतात. यंदा आदल्या दिवशी ती घरी गेली, तेव्हा भैयासाहेब तिची बॅग बघत म्हणाले, तुझी ती हत्यारं पण आण पूजेला. "हत्यारं म्हणाले, काकू. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं." ती पेडलं घेऊन गेली होती ती नवीन रचना करायला, म्हणून सुटीच होती. पाचवं अंबरीशकडे राहिलं होतं. सकाळी उठून बघते तर चौरंगावर तलवारींच्या शेजारी चारही पेडलं, प्रत्येकावर कुंकवाचं बोट आणि झेंडूचं फूल. "मी फोटो पण काढला. दाखवू?"

फोटो तिघांनी बघितला. तलवारींचा पोलाद चकाकत होता. पेडलंही चकाकत होती, जरा जास्तच.

तेवढ्यात तिच्या हातातला फोनच वाजला. तिने हात तेलकट म्हणून तो टेबलावर ठेवून स्पीकरवर उचलला, आणि भैयासाहेबांचा भारी, सावकाश आवाज स्वयंपाकघरात भरला.

"बेटा, उद्या किती वाजता यायचं?"

"सात वाजता, भैयासाहेब. तुमच्यासाठी पुढची खुर्ची ठेवायला सांगितलीये."

"पुढे नको. आम्ही मागे बसू. तुझी आई पुढे बसेल." मग त्यांनी विचारलं, "ती पेडलं काय म्हणतात? नीट चालली ना बदनावरला?"

वैभवीने सुमंगलाबाईंकडे पाहिलं.

"तेल आम्ही स्वतः लावलं होतं त्यांना," भैयासाहेब सांगत होते. "तलवारींना लावतो तेच. मागून-पुढून, कडाकडांतून. पहाटे चारला उठलो होतो. आतल्या वायरींना लागू दिलं नाही, ती काळजी घेतली. लोखंडाला गंज लागू नये बेटा, हत्यार कुठलंही असो."

"हो," वैभवी म्हणाली. "चालली. मी जरा कामात आहे भैयासाहेब, संध्याकाळी करते."

फोन बंद झाला. मग माटसाब म्हणाले, "मागून-पुढून," आणि वैभवी हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले आणि मग ती चिडली.

"म्हणजे बदनावरची फजिती भैयासाहेबांच्या कृपेने. थांबा, मी सांगतेच त्यांना. उद्या स्टेजवरून, माइकवर सांगते. मित्रांनो, परवाच्या अपघाताचे प्रायोजक पाठीमागच्या रांगेत बसले आहेत."

"अच्छा," सुमंगलाबाई एवढंच म्हणाल्या. "आधी हे बसवायचं कसं ते बघू."

"पुसून परत चिकटवू ना."

"पुसता येईल. पण धुऊन, घासून, वाळवून लावलेला गोंद जोर धरायला एक दिवस घेतो. चोवीस तास त्याला हात लावायचा नाही, हादरा द्यायचा नाही. तुमची व्हॅन कधी?"

"उद्या बाराला."

"म्हणजे गोंद गेला." त्या पाट निरखत होत्या. खाली प्लायवूड, अर्ध्या इंचाचं, धारच्या सुताराने केलेलं. "दोन्हीकडून दाण्यांची, खटकन बसणारी पट्टी असते ना, ती?"

"ती पण मागून गोंदानेच चिकटते. आणि इथे मिळणार नाही."

"सरळ स्क्रू?"

"अंबरीशने एकदा मारला. आरपार गेला. पेडल गेलं."

सुमंगलाबाईंनी पेडलाच्या तळाच्या पत्र्यावर बोट फिरवलं. चार कोपऱ्यांत चार बारीक स्क्रू, पत्रा डबीला धरून ठेवणारे. त्यांचं बोट एका कोपऱ्यावरच थांबलं. कारखान्यात शिलाईच्या मशिनींना पायाचे स्विच असत, फळीवर बसवलेले. दोनशे बायका दिवसभर त्यांच्यावर पाय मारायच्या आणि वर्षानुवर्षं एक स्विच केसभर हलला नव्हता. ते कसे बसवले होते ते त्यांना आठवलं.

"अहो," त्या माटसाबांना म्हणाल्या, "तुमच्या सायकलची चेन हवी आहे."

"माझी सायकल?"

"चेन फक्त."

"चेन काढल्यावर सायकल राहते का?"

"आठ वर्षं तिच्यावर टॉवेल वाळतात. त्याला चेन लागत नाही."

माटसाबांनी कुणाचीतरी बाजू मिळेल म्हणून वैभवीकडे पाहिलं, मिळाली नाही, आणि पाना शोधायला उठले. चेनची एकेक पट्टी भुईमुगाच्या शेंगेसारखी असते, दोन टोकांना दोन भोकं. एक भोक पेडलाच्या कोपऱ्यातल्या स्क्रूखाली घ्यायचं, दुसरं डबीच्या बाहेर येतं, त्यातून लाकडात स्क्रू मारायचा. डबीला भोक नाही, गोंद नाही. पेडल बदलायचं झालं तर दोन स्क्रू काढले की मोकळं. सुमंगलाबाईंनी हे कागदावर काढून दाखवलं. वैभवीने तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "काकू, हे तुम्ही आत्ता शोधलंत?"

"मी कशाला शोधू? आमचा फिटर करायचा. मी नुसती बघायचे."

माटसाब चेन घेऊन कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेले, पिना काढून पट्ट्या सुट्या करायला. वैभवी शाळेला सुट्टी कळवायला वर गेली. सुमंगलाबाई स्पिरिटची बाटली आणि जुन्या बनियनचे तुकडे घेऊन पेडलं पुसायला बसल्या. गोंद लावायचा नव्हता, तरी धूळ तेलाला धरते, म्हणून. भैयासाहेबांनी खरंच कडाकडांतून लावलं होतं. स्क्रूच्या डोक्यांच्या खाचांतसुद्धा. बारीक काडीला कापूस गुंडाळून भरल्याशिवाय तिथे तेल जात नाही. सत्तरीच्या माणसाने पहाटे चारला, चष्मा लावून, एकेका खाचेत.

त्यांचा हात चालू होता आणि मन अक्कांकडे गेलं.

अक्का त्यांच्या सासूबाई. घराणं एके काळी देवास संस्थानच्या धाकट्या पातीच्या, म्हणजे धाकट्या राजघराण्याच्या, दप्तरात नोकरीला, सोवळं कडक. सून कातड्यात हात घालते हे अक्कांनी पोटासाठी चालवून घेतलं, पण नियम घातले. कारखान्याची पिशवी मागच्या दाराबाहेरच्या खिळ्यावर. घरात शिरायच्या आधी न्हाणीघर. थंडीतही. सुमंगलाबाईंनी दहा वर्षं ते पाळलं, तक्रार केली नाही, आणि अक्कांनी दहा वर्षांत त्या पिशवीकडे कधी पाहिलंही नाही.

अकराव्या वर्षी त्या तपासनीस झाल्या. त्या दसऱ्याच्या सुमारास त्यांनी कातड्याचे सहा नमुने घरी आणले होते, फिक्या सायीच्या रंगाचे, परदेशी गिऱ्हाइकाला दाखवायचे, हाताने चिकटवलेले. खंडेनवमीच्या सकाळी सातच्या बससाठी धावत निघाल्या, खिळ्यावर हात घातला, तर पिशवी रिकामी. नमुने देवघरासमोर होते. आजोबांच्या दौत-लेखणीशेजारी, विळीशेजारी, अक्कांच्या शिवणयंत्राशेजारी, ओळीने मांडलेले, आणि प्रत्येकावर ओल्या गंधाचं बोट, वर हळद, वर कुंकू. फिक्या कातड्यात गंध आत उतरलं होतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं माझ्या पिशवीला हात लावायला?"

सुमंगलाबाई एवढंच म्हणाल्या होत्या. आवाजही फार चढवला नव्हता. अक्का समईची वात सारखी करत होत्या. "बरं," म्हणाल्या, आणि वात सारखी करत राहिल्या.

कारखान्यात बोलणी बसली. दुपारपर्यंत सहा नमुने नव्याने झाले आणि गिऱ्हाइकाने पसंतही केले, म्हणजे तसं पाहिलं तर काही बिघडलं नाही. डाग पडलेल्या एका नमुन्यावरून ओलं फडकं फिरवताना सुमंगलाबाईंच्या एकदम लक्षात आलं की अक्कांनी कातड्याला हात लावला होता. सहा वेळा. संध्याकाळी काहीतरी बोलू असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी दसऱ्याची तयारी होती, आणि दसऱ्याला सोनं द्यायला माणसं आली. दुसऱ्या दिवशी मुलाला ताप होता. मग ती गोष्ट काढायची तर कशी काढायची, असं झालं. पिशवी खिळ्यावर राहिली. त्यानंतर अक्कांनी अकरा खंडेनवम्या केल्या, आणि एकदाही विचारलं नाही की तुझं काही ठेवायचं आहे का.

माटसाब पट्ट्या घेऊन आले. "चौदा आहेत. तो म्हणतो, माटसाब, इतक्या कड्यांची माळ करणार की काय. मी म्हटलं, हमारी मैडम का प्रोजेक्ट है."

पट्ट्यांना जन्माचं वंगण होतं. त्या भांड्याच्या साबणाने घासून उन्हात टाकल्या. दुपारी जेवणं झाल्यावर काम सुरू झालं, आणि इथे वैभवीला कळलं की काकूंच्या हाताखाली काम करणं सोपं नाही. तिने पेडलं फोटोत असतात तशी एका रांगेत मांडली होती. सुमंगलाबाईंनी तिला गिटार गळ्यात घालून उभं केलं.

"वर बघ. खाली बघायचं नाही. आता घुमवणारं दाब."

वैभवीचा पाय दोन पेडलांच्या मधे पडला.

"परत."

"काकू, ते आपोआप जमतं."

"मग बदनावरला पाय कुठे पडला होता? परत."

चार वेळा पेडलं सरकवली. घुमवणारं उजवीकडे बाहेर आलं, खरखरीचं डावीकडे, पायाला सवयीने जिथे जावंसं वाटलं तिथे. मग सुमंगलाबाईंनी शिवणाच्या खडूने प्रत्येकाभोवती रेघ मारली. पाटावरची मऊ पट्टी सोलून काढली. पहिल्या पेडलाचे समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतले स्क्रू काढले, खाली चेनची पट्टी घेतली आणि तोच स्क्रू परत फिरवला. दोन आटे कमी बसले, पण बसला. लाकडात मारायचे स्क्रू अर्ध्या इंचाहून आखूड निवडले, म्हणजे पाटाखालून टोक बाहेर येऊन कुणाच्या सतरंजीत अडकायला नको. पायाने पुढे-मागे झुलवायचं मोठं पेडल होतं त्याला मात्र चारही कोपरे.

"एवढं का?" वैभवीने विचारलं.

"तू त्याच्यावर सगळा भार टाकून उभी राहतेस. खालून ऐकू येतं."

एक पट्टी वायरीच्या भोकासमोर येत होती, ती काढून पलीकडच्या कोपऱ्यात घातली. पाच वाजेपर्यंत पाचही पेडलं बसली. सुमंगलाबाईंनी पाट उचलला, उभा केला, मग उलटा धरला आणि माटसाबांना सांगितलं, "हलवा." माटसाबांनी हलवला. मग वैभवीने हलवला, चांगला जोर लावून, दात चावून. काही हललं नाही. तिने पाट सुलटा करून टेबलावर ठेवला आणि कडेच्या पेडलावरून बोट फिरवलं.

"पुसलं तरी वास राहिलाय, काकू. कापराचा."

"राहील दोन-चार दिवस."

"मी खरंच सांगणार त्यांना," ती म्हणाली, पण आता चिडून नाही; उलट गोष्ट रंगवायला मिळाल्यासारखी. "कार्यक्रम झाल्यावर, सगळे बसलेले असताना. अंबरीश तर मरेल हसून. पहाटे चारला उठून माझी इज्जत काढली भैयासाहेबांनी. हसतील ते पण. नाही का?"

सुमंगलाबाई खडूच्या रेघा फडक्याने पुसत होत्या. "आता चहा घे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाराच्या ऐवजी साडेबाराला व्हॅन आली. अंबरीशने पाट बघितला, वाकून खालून बघितला, आणि म्हणाला, "भिया, ये किसने किया?" वैभवीने काकूंकडे बोट दाखवलं तर त्याला पटेना. तो परत वाकला. माटसाबांनी त्याला सांगितलं की चेन त्यांची आहे.

पाट व्हॅनमध्ये गिटारच्या पेटीशेजारी गेला. वैभवी चढली, दार ओढता ओढता थांबली आणि परत उतरली.

"काकू, धारहून तुमच्यासाठी काय आणू? काहीतरी सांगाच. नाहीतर मला बरं वाटणार नाही."

सुमंगलाबाई फाटकाला हात धरून उभ्या होत्या. आत माटसाब अंबरीशला सायकलचा इतिहास सांगत होते. त्यांनी आवाज जरा खाली आणला.

"एक कर. पेडलं बसली आहेत, आता तेलाने त्यांचं काही बिघडत नाही. पुढच्या खंडेनवमीलाही लावू देत त्यांना, त्यांच्या मनाला येईल तेवढं."

"हो, पण..."

"तेलामुळे सुटली होती, हे भैयासाहेबांना सांगू नकोस. आज नाही, नंतरही नाही."